खाऱ्या हवेतलं गावचं घर: गंजका सिलिंडर, पिवळी ज्योत आणि न्हाणीत गॅस गिझर?

मागीलदार विचारतात:

आई-बाबा (वय ६९ आणि ७४) आता कायमचे गावी, वेंगुर्ले तालुक्यात. घर जांभ्याचं, कौलारू, पुळणीपासून दोनेकशे मीटर. गॅसच्या काही गोष्टी अडल्या आहेत, जाणकारांनी सांगावं.

सिलिंडर ओट्याखालच्या लाकडी कपाटात असतो. बुडाची कडी दोन महिन्यांत गंजते, फरशीवर गोल डाग पडतो. एजन्सीकडून येणारा भरलेला सिलिंडरही बऱ्याचदा गंजकाच असतो. कुठला परत करायचा आणि कुठला चालवून घ्यायचा?

ज्योत पिवळट आहे, भांडी काळी होतात. मेकॅनिकने दोनदा बर्नर बदलला, फरक नाही. पावसात तर जास्तच. शेगडी जुनी पण चांगली आहे, मुंबईच्या घरातली नेली, तिथे पाइप गॅस होता. नळी नारिंगी, दिसायला नवीकोरी, पण छापलेल्या तारखेला पाच वर्षं उलटून गेली.

न्हाणीघर चार बाय सहा फूट, उंची आठ. तिथे सहा लिटरचा गॅस गिझर बसवायचा विचार आहे. वर एक फूटभर झडपेची खिडकी आहे, प्लंबर म्हणतो तेवढी पुरे.

शिवाय सिलिंडर मागच्या पडवीत ठेवून तांब्याच्या पाइपने आत गॅस घ्यावा का? पडवीला लागून गोठा आहे, दोन गुरं. स्वयंपाकघर दहा बाय बारा, माजघरापेक्षा खाली, उंबरठा सहा इंच.

---

पितळी_कॉक:

बरा केलात विचारलात ता. आधी शेगडी. तुमचं अर्धं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: शेगडी पाइप गॅसवरची आहे. ती सिलिंडरला जोडताना जेट बदलले होते का? नसतील तर बर्नर दहा वेळा बदला, ज्योत पिवळीच राहणार.

जेट म्हणजे नॉबच्या पुढे, मिक्सिंग ट्यूबच्या (गॅस आणि हवा जिथे मिसळतात त्या नळीच्या) तोंडाशी बसणारी बोटाच्या पेरापेक्षा लहान पितळी नळी. तिच्या टोकाला सुईएवढं भोक असतं. पाइप गॅसचं भोक मोठं असतं, कारण त्या गॅसमध्ये उष्णता कमी. तेवढ्याच आकारमानात एलपीजीमध्ये अडीच ते तीन पट उष्णता असते, शिवाय सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाबही पाइप गॅसपेक्षा जास्त. म्हणजे मोठ्या भोकातून भरमसाट गॅस येतो आणि त्याला पुरेल इतकी हवा ट्यूबमध्ये ओढली जात नाही. पिवळी, लांब, आळसट ज्योत, भांड्याला काजळी, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. हा नुसता भांडी घासायचा वैताग नाही, जेट बदलेपर्यंत ती शेगडी वापरू नका.

मेकॅनिकला नेमकं सांगा: 'एलपीजीचे जेट बसव, लहान बर्नरचा वेगळा, मोठ्याचा वेगळा.' दोन्ही सारखे बसवून जाणारे आहेत. आणि जुन्या जेटचं भोक ठोकून बारीक करणं किंवा नव्याचं टाचणीने साफ करणं, दोन्ही नको. पितळ मऊ असतं, टाचणीने भोक मोठं होतं आणि मूळ दुखणं परत.

आता सिलिंडर. बुडाच्या कडीवरचा वरवरचा तांबूस गंज चालतो, ती कडी फक्त बूड जमिनीपासून वर ठेवायला असते. परत करायचा तो असा: अंगावरून गंजाचे पापुद्रे सुटतात, नखाला खड्डे लागतात, मधल्या वेल्डजवळ पोचा आहे, किंवा कडीच वाकून सिलिंडर डुगडुगतो. घरी खरवडून रंग मात्र लावू नका. रंगाखाली खड्डे दडतात आणि भरणा केंद्रावरच्या माणसाला ते दिसत नाहीत.

वरच्या कड्याला जोडणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतून तपासणीची मुदत असते: ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. बी-३० असेल तर जून २०३० पर्यंत. मुदत उलटलेला घेऊ नका.

सिलिंडर घेताना माणूस जायच्या आत सील काढून व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. आत काळी रबरी रिंग हवी, अख्खी, न चिरलेली. मग तोंडात चमचाभर पाणी सोडा. बुडबुडे आले तर आतली पिन गळते. पण इथेच फसगत होते: रिंग खराब असेल तर या परीक्षेत काहीच दिसत नाही. ती गळती रेग्युलेटर बसवून नॉब चालू केल्यावरच कळते. म्हणून दोन्ही करायचं, नंतरची साबणाच्या पाण्याने. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, ब्रशने रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या नॉबमागे. बघून झालं की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. पांढरी टोपी आणि तिची दोरी सिलिंडरलाच राहू द्या, गळती लागलीच तर तीच पहिला उपाय.

रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक भोक असतं. ते बिघाडाचं नाही, आतल्या पडद्याला श्वास घ्यायला ठेवलेलं आहे. त्याला साबण, एमसील, मेण काही लावायचं नाही. मुंग्या आणि खारट धूळ तिथे बसली की ज्योत वरखाली होते. आणि त्या भोकातून गॅसचा वास आला तर पडदा फाटला, रेग्युलेटर एजन्सीत नेऊन बदलून आणायचा. उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही ती.

नळी बदला. पाच वर्षं ही मुदत दिसण्यावर नाही. आत पोलादी तारेची जाळी असते आणि कापलेल्या टोकांशी ती उघडी पडते, खारी हवा तिथून शिरते. नवी घेताना आयएसआय खूण आणि आयएस ९५७३ हा आकडा बघा. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, ओट्याच्या मागून भिंतीत दडवलेली नको. टोक घट्ट असल्यामुळे चढत नसेल तर गरम पाण्यात क्षणभर बुडवा. खोबरेल लावून सरकवतात ते चूक, जसं सहज चढतं तसंच सहज उतरतं.

कपाटाची दारं काढून टाका, किंवा निदान खाली फरशीलगत आणि वर भोकं ठेवा. सिलिंडर प्लास्टिकच्या चाकांच्या स्टँडवर. गोणपाट किंवा रबरी मॅट खाली घालू नका, ओल धरून ठेवतात. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याच्या फडक्याने मीठ पुसलं की गंज कमी होतो.

---

खारा_वारा:

जेटचं बरोबर. एक भर, कारण किनाऱ्यावर यात घोटाळा होतो.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून असला की हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते ज्योतीत गेले की सोडियममुळे नारिंगी ठिणग्या चमकतात. ज्योतीचा आकार तोच, बूड निळं, मधूनच नारिंगी झाक, भांडं स्वच्छ. कढीला ऊत येऊन मिठाचं पाणी बर्नरवर सांडलं की हेच. यात काही बिघडलेलं नाही. हवेअभावीची पिवळी ज्योत वेगळी: लांब, टोकाला डुलणारी, भांड्याला काळं लावणारी. भांड्याचं बूड बघायचं, रंगावर भांडायचं नाही. म्हणजे जेट बदलल्यावर पावसात थोडं नारिंगी दिसलं तर मेकॅनिकला परत बोलावू नका.

बंद घरांचं तिसरं प्रकरण. गणपतीनंतर थेट मे महिन्यात घर उघडलं की मिक्सिंग ट्यूबमध्ये कोळ्याचं जाळं नाहीतर कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. हवा अडते, गॅस ट्यूबच्या मागच्या तोंडातून बाहेर पडतो आणि ज्योत शेगडीच्या खाली, नॉबपाशी पेटते. लोकांना वाटतं नॉब गळतोय. घर उघडल्यावर पेटवायच्या आधी बर्नर उचलून ट्यूबमधून बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवा. घर बंद करताना रेग्युलेटर काढून टोपी लावायची, नुसता नॉब बंद करून जायचं नाही. आणि बर्नरच्या टोप्या धुतल्यावर पूर्ण वाळवूनच बसवा. ओली टोपी बसवली की 'फट्' करून ज्योत आत जाते.

---

ओलीसुकी:

गिझर न्हाणीत नको. खिडकी फूटभराची असो की दोन फुटांची.

हिशेब मांडते. चार बाय सहा बाय आठ म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला ८०० ते ९०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे पाव तासात दोनशेच्या आसपास. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाव तासाला अडीच घनमीटर, तुमच्या न्हाणीतली जवळजवळ निम्मी. ती संपायची वाट बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला आणि जळालेली हवा पुन्हा बर्नरमध्ये गेली की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. गॅस गळला तर त्यात मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा घाण वास येतो, याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि मग गुडघ्यातलं बळ जातं, त्यामुळे दार उघडायचं सुचलं तरी उठवत नाही. सत्तरीच्या माणसाला तर आधीच कमी वेळ मिळतो. झडपेच्या खिडकीचं म्हणाल तर थंडीत आणि पावसात ती लावूनच घेतली जाते, प्लंबर तेव्हा तिथे नसतो.

बसवायचाच तर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली, पागोळ्यांचं पाणी आणि समुद्राचा थेट वारा लागणार नाही अशा बाजूला. वेंगुर्ल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून घराची ईशान्येची बाजू बरी. गिझरला ज्योत विझताच गॅस बंद करणारी सोय आहे याची खात्री करा. फक्त गरम पाण्याची नळी भिंतीतून आत. सिलिंडर वेगळा, शेगडीच्या सिलिंडरवर टी मारून नको. खिडकीखाली गिझर येऊ देऊ नका, जळालेली हवा खिडकीतूनच आत येईल.

दोन तांत्रिक अडचणी आत्ताच सांगते, नंतर प्लंबर त्यावर भलताच इलाज काढेल. गिझर पेटायला पाण्याचा दाब साधारण पाव बार लागतो, म्हणजे टाकीचं बूड गिझरच्या अडीच मीटर वर हवं. न्हाणीच्या छपरावर टाकी असेल तर तेवढी उंची भरत नाही, नुसतं टिकटिक होतं. दाब पुरत असूनही नुसतं टिकटिक होत असेल तर दोन मोठे सेल बदलून बघा. दुसरं, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तांब्याच्या कॉइलला बारीक भोकं पडतात. खाली हिरवट डाग दिसला की ते आलं म्हणायचं.

कुणीही अंघोळीला जाताना आतून कडी न लावणं हा वृद्धांच्या घरात नियमच ठेवा. बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, मग अंघोळ. कुणाला भोवळ आलीच तर गिझर बंद, माणूस उघड्यावर, आणि ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात. घरातल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनवालंच समजतो, ९८ दाखवतो आणि माणूस कोसळलेला असतो.

कोळशाचा किंवा लाकडाचा बंब बंद न्हाणीत ठेवला तरी हेच होतं, हे जाता जाता.

---

मागीलदार:

शेगडी बंद करायला सांगितली आहे, जेटचं कुणीच बोललं नव्हतं. गिझरचा विचार बाहेरच्या भिंतीवर. पडवी आणि गोठ्याचं राहिलं. आणि रात्री गळती झाली तर नेमकं काय? पावसात वीज जाते, इन्व्हर्टर आहे, फ्रिज स्वयंपाकघरातच आहे. आई-बाबांना कागदावर लिहून भिंतीला लावायचं आहे.

---

पितळी_कॉक:

पडवी चांगली, पण गोठ्याकडची नव्हे. गुरांच्या मुताचा अमोनिया ताणाखालच्या पितळेला चिरतो. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकत, म्हणून इंग्रजीत त्या दोषाला ऋतूच्या नावाने ओळखतात. कारण अमोनिया, हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पितळी, तांब्याच्या पाइपचे नट पितळी, आणि दमट हवा आपल्याकडे आयती. दुसरी पडवी असेल तर तिथे, ऊन-पाऊस न लागणारी, विहिरीपासून आणि सांडपाण्याच्या गटारापासून लांब.

पाइप भिंतीतून जातो तिथे प्लास्टिकची बाही घालून न्या, जांभ्यात थेट गाडू नका, आतली ओल कळत नाही. क्लिपा प्लास्टिकच्या किंवा पितळी. लोखंडी क्लिप तांब्याला टेकली की खाऱ्या ओलीत लोखंड आधी खपतं आणि पाइप लोंबकळतो. आत शेगडीजवळ पितळी कॉक हवा, म्हणजे रोज रात्री पडवीत जावं लागत नाही. फिटरला दाबाची परीक्षा करून दाखवायला सांगा: पारदर्शक नळी यू आकारात वाकवून निम्मी पाण्याने भरायची आणि शेगडीच्या टोकाला जोडायची. रेग्युलेटर चालू केला की दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे ३० सेंटीमीटर फरक पडतो. रेग्युलेटर बंद करून दहा मिनिटं थांबायचं. फरक कमी झाला तर कुठेतरी गळतं. 'वास येत नाही ना, मग झालं' म्हणणाऱ्या फिटरला पैसे देऊ नका. हे सगळं एजन्सीच्या मान्यतेनेच करा, अपघाताच्या विम्याचा प्रश्न आला की गैरमान्य जोडणी आडवी येते.

रात्रीचं. एलपीजी हवेपेक्षा जड. तुमचा सहा इंची उंबरठा त्याला पाण्यासारखा अडवतो, कौलं कितीही हवेशीर असोत. दहा बाय बाराच्या जमिनीवर सहा इंचांचा थर पेट घेण्याजोगा व्हायला फक्त ७० ग्रॅम गॅस पुरतो, कारण हवेत जेमतेम दोन टक्के झाला की तो पेटतो. मोठा बर्नर न पेटता उघडा राहिला तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास सोडतो. म्हणजे अर्धा तास. आणि फ्रिजची मोटर, तिचा थर्मोस्टॅट, सगळं त्याच थराच्या उंचीला. फ्रिज माजघरात हलवता आला तर उत्तम.

कागदावर हे लिहा, मोठ्या अक्षरात:

वास आला. दिव्याचं बटण चालू नाही, बंदही नाही. फ्रिजची पिन काढायची नाही. देवापुढचा दिवा, मच्छर कॉइल विझवा. रेग्युलेटरचा नॉब बंद. मागलं दार, पुढलं दार सताड उघडं. सगळे खळ्यात. फोन बाहेर गेल्यावरच: १९०६, मग एजन्सी.

इन्व्हर्टरची बाब वेगळी. वीज गेली की त्यातला रिले (आपोआप चालणारा स्विच) बदलतो आणि तिथे ठिणगी पडते, म्हणून तो स्वयंपाकघरात नकोच. मीटरची पेटी पुढच्या पडवीत असेल आणि तिथे अजिबात वास नसेल तर मेन स्विच पाडा, नाहीतर हात लावू नका. नॉब बंद करूनही वास येत राहिला तर रेग्युलेटर काढून टोपी दाबून बसवा आणि सिलिंडर उभाच उचलून उघड्यावर न्या. आडवा लोळवायचा नाही, आडव्यातून द्रवरूप गॅस बाहेर येतो आणि तो वायू झाला की अडीचशेपट फुगतो. न्यायचा तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीकडे नाही.

पेटला असेल तर: ओलं गोणपाट हाताला गुंडाळून नॉब बंद करता येत असेल तरच पुढे व्हा. गॅस बंद होणार नसेल तर ज्योत विझवू नका, जळता गॅस दिसतो तरी, न जळता पसरलेला दिसत नाही. माणसं बाहेर काढा. अग्निशमन १०१ किंवा ११२.

गळती दाखवणारं यंत्र घेणार असाल तर एलपीजीचं जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र वेगळं असतं, ते झोपायच्या-बसायच्या उंचीवर. एकाच यंत्रात दोन्ही असं सांगून विकणाऱ्याला विचारा, ते लावायचं कुठल्या उंचीवर.

---

नदीकाठ:

पुराचं कुणी बोललं नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरची धारणा ३३.३ लिटर पाण्याची, पोलादाचं आकारमान दोनेक लिटर. म्हणजे बुडाला तर ३५ लिटर पाणी बाजूला सारतो, आणि भरलेल्याचं एकूण वजन ३० किलोच्या आसपास. थोडक्यात, भरलेला सिलिंडरही तरंगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जसं पाणी भरलं तसं घरात शिरलं, तर तो उचलला जातो आणि नळी शेगडीतून ओढून काढतो. खाडीकाठच्या किंवा सखल घरात पावसाचा इशारा आला की रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर दोरीने खांबाला उभा बांधा. पाणी ओसरल्यावर चिखलाचं पाणी लागलेला रेग्युलेटर आणि नळी वाळवून वापरायची नाहीत, नवीनच घ्यायची. श्वासाच्या भोकातून आत गेलेला गाळ बाहेर येत नाही. चक्रीवादळालाही हेच करा, निसर्ग आणि तौक्तेच्या वेळी कौलं उडाल्यावर खाली काय काय पडलं ते किनाऱ्यावरच्यांना माहीत आहे.

---

सुरंगीचा_वळेसर:

साधा प्रश्न. सिलिंडरमध्ये किती उरलंय ते दमट हवेत कसं बघायचं? ओलं फडकं फिरवलं तर सगळा सिलिंडर ओलाच राहतो.

---

खारा_वारा:

पावसात ती युक्ती चालत नाही, खरं आहे. उन्हाळ्यात बघा: ओलं फडकं फिरवल्यावर वरचा भाग आधी वाळतो, आतल्या द्रवाच्या पातळीपर्यंतचा उशिरा. पावसात वजन करायचं. वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, समजा १५.६. नव्याचं एकूण २९.८ भरलं पाहिजे. सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याच्या काट्यावरच बघा, काटा आणला नसेल तर मागा, तो त्याच्याकडे असायलाच हवा. नंतर घरी मासळीवाल्याकडचा ५० किलोचा हुकाचा काटा मिळाला तरी भागतं, फक्त तोलताना रेग्युलेटर काढून घ्या.